घरकुलाचे फोटो आणि इमारतीचे कागद

प्रधानमंत्री आवास योजनेतले घरकुल मंजूर झाले की सरकारी यंत्रणा त्या घराचा पिच्छा सोडत नाही. आधी रिकाम्या जागेचा किंवा पडक्या घराचा फोटो, मग जोत्याचा, मग भिंती वर आल्याचा, शेवटी छत टाकल्याचा. प्रत्येक फोटोवर अक्षांश-रेखांश उमटतात आणि फोटो चढला नाही तर पुढचा हप्ता निघत नाही. घर किमान २५ चौरस मीटरचे, मूळ अनुदान १ लाख २० हजारांचे. पण वर्धा जिल्ह्यात सेलूपासून समुद्रपूरपर्यंत पंचायत समितीतला अभियंता गावोगावी फिरून ते पाहतो. आता त्याच गावाच्या शिवेवरच्या ले-आउटमध्ये जाऊन पाहावे. तिथे खाली दुकाने, वर दोन मजले अशी इमारत उभी राहत असते. तिचा पायवा किती खोल गेला, कॉलममध्ये सळई किती पडली, स्लॅबवर किती दिवस पाणी मारले, हे तिसऱ्या माणसाने पाहिल्याची खूण बहुधा कुठेच सापडत नाही. सापडतो तो कागद: मंजूर नकाशा, शुल्काची पावती आणि मालकानेच नेमलेल्या तंत्रज्ञाचा दाखला. सर्वांत गरीब माणसाचे सर्वांत लहान घर राज्य टप्प्याटप्प्याने तपासते. ज्या इमारतीत पन्नास माणसे झोपणार, तिच्याबाबत मात्र कागदावर समाधान मानते. बांधकाम नियमांच्या अंमलबजावणीत महाराष्ट्राचे दुखणे काय आहे, ते या एका विसंगतीतून दिसते. बांधकाम तपासणे राज्याला जमते, ही गोष्ट घरकुलांनी सिद्धच केली आहे. प्रश्न आहे तो कोणाचे बांधकाम तपासायचे ठरवले, याचा.

घरकुलाचा फोटो मुख्यतः अनुदानाचा हिशेब राखण्यासाठी असतो, बांधकामाच्या सुरक्षेसाठी नव्हे, हे खरे आहे. सरकारचा पैसा जिथे अडकला तिथे सरकारचे डोळे उघडे राहतात, एवढाच त्याचा अर्थ. पण इमारत कोसळली की मृतांच्या वारसांना मदत, जखमींचे उपचार, बचावपथके, चौकशी समित्या हा सगळा खर्चही सरकारी तिजोरीतूनच होतो. तो आगाऊ मोजला जात नाही, म्हणून दिसत नाही.

नियमांची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. २ डिसेंबर २०२० रोजी राज्याने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबई आणि आणखी काही वगळलेली क्षेत्रे सोडली तर सगळ्या महाराष्ट्राला ती लागू झाली. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी (रेल्वे) या नगरपरिषदा आणि सेलू, आष्टी, कारंजा, समुद्रपूर या नगरपंचायती यांना आता एकच पुस्तक आहे. सामासिक अंतर किती, जिन्याची रुंदी किती, किती उंचीपासून अग्निशमनाच्या अटी लागतात, सगळे त्यात आहे. त्याच नियमावलीने परवानगीही सोपी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर कमी जोखमीचे बांधकाम असेल तर नकाशे दाखल करून शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र. ग्रामविकास विभागाने २०२१ च्या सुरुवातीला खेड्यांसाठीही असेच दार उघडले आणि ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराकडे जाण्याची गरज उरली नाही.

ही सूट चुकीची होती असे माझे म्हणणे नाही. एका साध्या घराच्या नकाशासाठी महिनोन्‌महिने खेटे घालायला लागले की माणूस परवानगीचा नाद सोडतो आणि सरळ मिस्त्रीला बोलावतो. विदर्भातल्या लहान शहरांत विनापरवानगी बांधकामे वाढली त्यात लोकांच्या बेफिकिरीइतकाच या खेट्यांचाही वाटा आहे. पण दारावरचा पहारा उठवला तर आत फेरी मारणारा कोणीतरी लागतो. ज्या दिवशी परवानगी सुलभ झाली, त्याच दिवशी तपासणी दुप्पट व्हायला हवी होती. नियमावलीत जोते तपासणी आहे, भोगवटा प्रमाणपत्र आहे. पण लहान भूखंडांवर जोत्याची तपासणी मालकाच्याच तंत्रज्ञाच्या दाखल्यावर भागते आणि भोगवटा प्रमाणपत्र न घेता घरात राहायला जाणे इतके सर्रास चालते की ते चूक आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल हातात आले म्हणजे इमारत कायदेशीर झाली, असा आपल्याकडचा ठाम समज आहे.

वर्ध्यात हा प्रश्न नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. २०११ च्या जनगणनेत वर्धा नगरपरिषदेची लोकसंख्या १ लाख ६ हजारांच्या घरात होती. पण वर्धा शहर नगरपरिषदेच्या हद्दीवर थांबत नाही. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही गावे कागदोपत्री ग्रामपंचायती आहेत आणि राहणीने शहर. रस्त्याच्या अलीकडे नगरपरिषदेचा नियम, पलीकडे ग्रामपंचायतीचा. इमारती मात्र दोन्हीकडे सारख्याच उंच होत चालल्या आहेत. नगरपरिषद हद्दीत निदान एक बांधकाम विभाग असतो, भले त्यातल्या अभियंत्याला रस्ते, नाल्या, घरकुले आणि परवानग्या एकट्याने ओढाव्या लागत असतील. ग्रामपंचायत हद्दीत १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बांधकामावर नियंत्रण ग्रामपंचायतीचे. म्हणजे व्यवहारात ग्रामसेवकाचे, ज्याला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे ठरले आहे. पदाचे नाव भारदस्त झाले, पण हाताखाली स्थापत्य अभियंता काही आला नाही. जन्ममृत्यूच्या नोंदींपासून नळयोजनेपर्यंतची कामे सांभाळणाऱ्या या माणसाने तीन मजली इमारतीचे आरसीसी आरेखन वाचावे, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. मोठ्या बांधकामांना जिल्हाधिकारी आणि नगररचना शाखा यांची मंजुरी लागते. पण ती मंजुरी नकाशाला असते. नकाशाबरहुकूम बांधले का, हे बघायला पुन्हा जायचे कोणी, या प्रश्नाला ग्रामपंचायत तहसीलकडे, तहसील नगररचनाकडे आणि नगररचना पुन्हा ग्रामपंचायतीकडे बोट दाखवू शकते. कायद्यात प्रत्येकाला अधिकार आहे आणि म्हणूनच जबाबदारी कोणाचीच नाही.

‘वर्ध्यात काय होणार आहे? इथे ना भूकंप, ना समुद्र’ हे उत्तर नेहमीचे. २००२ च्या भूकंप नकाशात वर्धा जिल्हा दुसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे, हे खरे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा तीही त्या काळच्या नकाशात पहिल्या, सर्वांत कमी धोक्याच्याच पट्ट्यात होती. सुमारे आठ हजार माणसे गेली, बहुतेक आपल्याच घरांच्या मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि जड धाब्यांखाली. त्यानंतर नकाशातून पहिला पट्टाच काढून टाकावा लागला. आज जो दुसरा पट्टा ‘सर्वांत सुरक्षित’ वाटतो, तो सर्वांत खालचा ठरला तो या इतिहासामुळे. शिवाय वर्ध्याचा खरा शत्रू रोजच्या पायाखाली आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडत आक्रसते. तिच्यावर उथळ पायवा टाकलेली भिंत तिरपी तडकते, हे इथल्या प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे. मुरूम लागेपर्यंत खणा, किंवा रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केलेले, खाली फुगीर कंद असलेले खांब वापरा, असे दोन सरळ उपाय आहेत. दोन्हींना पैसे लागतात. आणि ठेकेदार जो खर्च वाचवतो तो नेमका तिथे वाचवतो, जिथे दुसऱ्या दिवशी माती लोटली जाते. पायव्याची खोली, रिंगांमधले अंतर, सळईला सोडलेले कव्हर या गोष्टी एकदा झाकल्या गेल्या की कुठल्याही चौकशी समितीला त्या सहज दिसत नाहीत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, टँकरच्या अपुऱ्या पाण्यावर उरकलेला स्लॅबही महिन्याभराने चांगल्या स्लॅबसारखाच दिसतो. इमारत पूर्ण झाल्यावरची पाहणी म्हणूनच फारशी कामाची नाही. पाहायचे ते बांधकाम चालू असताना. पाण्याचेही तसेच. जुलै २०२२ मध्ये वणा नदीचे पाणी हिंगणघाटच्या वस्त्यांत शिरले. निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम नको, हा नियम काही त्यानंतर जन्मलेला नाही.

लहान शहरांना मोठे अपघात होत नाहीत, हा भ्रम महाडने मोडला. २४ ऑगस्ट २०२० रोजी तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. महाडही वर्ध्यासारखेच नगरपरिषदेचे गाव, लोकसंख्येने तर कितीतरी लहान. इमारत जुनाट नव्हती. उभी राहून दहा वर्षेही झाली नव्हती. गुन्हा दाखल झाला तो विकासक, वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार यांच्यावर, त्यांच्यासोबत नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही. म्हणजे कागदावर सही करणारी साखळी पूर्ण होती आणि त्या साखळीतल्या कोणालाही कमजोर कॉलमने थांबवले नाही. राज्याची देखरेख तिथे पोहोचली ती पोलिसांच्या रूपाने, ढिगारा उपसताना. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी दुसरी बाजू दाखवली. तिथे परवानग्याच बनावट होत्या आणि त्यांच्या आधारे महारेराची नोंदणीही मिळाली. घर घेणाऱ्या कुटुंबांना ते कळले तेव्हा उच्च न्यायालयाचा पाडण्याचा आदेश दारात होता. दोन सरकारी कार्यालयांनी एकमेकांना ‘हा कागद तुमचाच का?’ एवढे विचारले असते, तरी ही वेळ टळली असती.

आणि राज्य दुसऱ्यांना तपासण्याआधी स्वतःला तपासते का? ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. ते रुग्णालय कोणा बिल्डरचे नव्हते, सरकारचे होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा, असे तो सांगतो. २०२१ च्याच एप्रिलमध्ये नागपूरजवळच्या वाडीतल्या आणि विरारमधल्या रुग्णालयांत, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आगी लागल्या. प्रत्येक वेळी राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे, म्हणजे ज्याला आपण ‘फायर ऑडिट’ म्हणतो त्याचे, आदेश निघाले. जी तपासणी कायद्याने वर्षातून दोनदा आपोआप व्हायची, तिच्यासाठी प्रत्येक दुर्घटनेनंतर नवा आदेश काढावा लागतो, यातच सगळे आले. नगररचना कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे सरकारी खात्याने स्वतःचे बांधकाम करताना नियोजन प्राधिकरणाला कळवायचे असते. खासगी माणसासारखी परवानगीची रांग त्याला नसते. सोय म्हणून ठीक. पण मग सरकारी दवाखाना, आश्रमशाळा, जिल्हा परिषदेची शाळाखोली यांच्या बांधकामाकडे बाहेरच्या कोणाचे लक्ष असते? ज्या खात्याने बांधले तेच खाते ‘ठीक आहे’ म्हणणार असेल, तर त्याला तपासणी म्हणता येत नाही.

तपासणीची जागा आपल्याकडे माफीने घेतली आहे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा, १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारीसाठी. २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. वीस वर्षे ज्यांनी नियम पाळून, अकृषक परवाना काढून, रस्त्याला जागा सोडून घर बांधले, त्यांनी यातून काय शिकायचे? तुर्कस्ताननेही हेच केले होते. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने लाखो अनधिकृत बांधकामांना शुल्क घेऊन अभय दिले. त्यासाठी इमारतीची मजबुती कोणी तपासली नाही, मालकाची घोषणा पुरली. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्या देशात पन्नास हजारांवर माणसे मेली. त्यांची भूकंपविषयक संहिता जगातल्या चांगल्या संहितांत गणली जात होती. शुल्क भरून जागेचा दोष मिटवता येतो. कॉलममधली कमी पडलेली सळई भरून निघत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितले की निव्वळ काळ लोटला किंवा प्रशासन झोपले म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावा, वेळोवेळी पाहणी करा, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय पाणी-वीज आणि बँकेचे कर्ज देऊ नका, चुकीचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा, असे निर्देश त्यात आहेत. वर्ध्याच्या एखाद्या चालू बांधकामावर असा नकाशा लावलेला वाचकांनी शोधून पाहावा.

तपासणी वाढवा म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: म्हणजे आणखी एक साहेब, आणखी एक पाकीट. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इन्स्पेक्टर राज लोकांनी भोगले आहे. पण लाच चालते ती अधिकारी ठरलेला असतो, जागा ठरलेली असते आणि त्याने काय पाहिले ते कोणालाच दिसत नाही म्हणून. मालकाने निवडलेला आणि मालकाकडूनच पैसे घेणारा तंत्रज्ञ तपासनीस होऊ शकत नाही, हे तुर्कस्तानला उशिरा कळले. तिथे २००१ पासून खासगी देखरेख कंपन्या होत्या, पण त्यांची निवड बांधणारा करत असे. २०१९ पासून ती संगणकाच्या सोडतीने होऊ लागली. आपल्याला हे जमणार नाही असे मानायचे कारण नाही. घरकुलाचा फोटो जसा अक्षांश-रेखांशासह चढतो, तसाच पायव्याचा, प्रत्येक स्लॅबआधीच्या सळईजाळीचा फोटो चढू द्या आणि त्यांतली काही बांधकामे सोडतीने निवडून परक्या तालुक्यातल्या अभियंत्याला पाठवा. कोणाची पाळी येणार हे आधी माहीत नसले की शंभरातली दहा तपासली तरी नव्वद जण सांभाळून बांधतात. नोंद लोकांसमोर ठेवा, म्हणजे फ्लॅट घेणाराच पुढचा तपासनीस होतो.

दुसरा आक्षेप गरिबांच्या बाजूने येतो आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. नियम कडक केले की सिमेंट-लोखंडाच्या घरापलीकडचे सगळे बेकायदा ठरेल, असे त्यात भय आहे. सेवाग्रामच्या जिल्ह्यात हे विसरून चालणार नाही. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा घर आसपासच्या पाच मैलांत मिळणाऱ्या साहित्याचे असावे असा त्यांचा आग्रह होता, असे सांगितले जाते. माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची बापूकुटी अजून उभी आहे, कारण तिची दरवर्षी देखभाल होते. मातीच्या घरांना भूकंपात कसे तगवावे याचे भारतीय मानक १९९३ पासून उपलब्ध आहे, आणि वर्ध्यातल्याच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने स्थानिक साहित्यातल्या घरांवर कित्येक वर्षे काम केले आहे. तेव्हा मातीचे घर नियमात बसत नाही, ही अडचण मातीची नसून आपल्या नियमपुस्तकाच्या आळसाची आहे. शिवाय मी ज्या तपासणीबद्दल बोलतो आहे तिचा रोख एकमजली घरावर नाहीच. माणसे जिथे पैसे देऊन राहतात, शिकतात, उपचार घेतात त्या इमारती आधी. सावंगी आणि सेवाग्राममधल्या वैद्यकीय महाविद्यालयांमुळे आसपासच्या जिल्ह्यांतून येणारे विद्यार्थी आणि नातेवाईक ज्या खासगी वसतिगृहांत, भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्या गल्ल्यांपासून सुरुवात करावी.

तिसरा आक्षेप स्वायत्ततेचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने बांधकाम नियमन नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याच्या विषयांत घातले. मग मुंबईने वर्ध्यात नाक का खुपसावे? उत्तर असे की नियम करताना मुंबईने नगरपरिषदांना विचारले नव्हते. सगळ्यांसाठी एक नियमावली करून राज्याने स्थानिक नियम बाजूला सारले, तर त्या नियमावलीच्या पालनाची जबाबदारीही अर्धी राज्याची झाली. नवा कायदाही लागणार नाही. नगररचना कायद्याच्या कलम १५४ खाली राज्य निर्देश देऊ शकते आणि ते बांधील असतात. मात्र देखरेख म्हणजे बुलडोझर नव्हे. मार्च २०२५ मध्ये नागपुरातल्या दंगलीनंतर आरोपींच्या घरांवर महापालिकेने कारवाई केली, तिला नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्येच पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली होती. महापालिका आयुक्तांना न्यायालयाची माफी मागावी लागली आणि तसे परिपत्रकच आपल्यापर्यंत आले नव्हते, असे सांगावे लागले. एक निकाल दिल्लीहून उपराजधानीच्या नगररचना विभागात चार महिन्यांत पोहोचत नसेल, तर आष्टी-कारंज्याला तो कधी पोहोचायचा? वर्षानुवर्षे न पाहणारी आणि मग एका सकाळी अचानक पाहणारी यंत्रणा जुलमीही असते आणि कुचकामीही. नियमित, सोडतीने होणारी, सगळ्यांना सारखी तपासणी हाच या निवडक कारवाईवरचा उतारा आहे.

जिल्ह्यापुरते बोलायचे तर हे फार अवघड काम नाही. नगररचना शाखा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा एक संरचना अभियंता, अग्निशमन संचालनालयाचा एक अधिकारी यांचे जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतले छोटे पथक करावे; परवानगी देण्याशी त्याचा संबंध नसावा. हद्द नगरपरिषदेची की ग्रामपंचायतीची, हा प्रश्न त्याने विचारू नये. सरकारी इमारतीही त्याच सोडतीत घालाव्यात. सेवाग्रामच्या बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयाची आणि आर्वीच्या शासकीय तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा व मनुष्यबळ हाताशी आहे. खर्चासाठी परवानगीच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या छाननी शुल्कातला ठरावीक हिस्सा बाजूला काढावा. आणि पथक कामाला लागण्याआधी दोन याद्या छापाव्यात. २ डिसेंबर २०२० पासून जिल्ह्यातल्या दहा नागरी संस्थांनी आणि शहरालगतच्या ग्रामपंचायतींनी किती प्रारंभ प्रमाणपत्रे दिली, ही पहिली. त्यांपैकी किती इमारतींनी भोगवटा प्रमाणपत्र घेतले, ही दुसरी. पहिल्या यादीत असून दुसरीत नसलेल्या ज्या इमारतींत आज माणसे राहत आहेत, तिथून पथकाने चालायला लागावे.